वजन उतरवलं, परत आलं. आता कुठलं डाएट करू?

प्रश्न मोठा होता, थोडक्यात मांडतो. वय ४१, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९६ किलो, राहायला कोल्हापुरात. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत, आता ऑफिसात बैठी नोकरी. दोन वर्षांपूर्वी दिवसातनं दोनदाच जेवायचं डाएट केलं, चार महिन्यात ११ किलो उतरले, पुढच्या वर्षभरात १३ परत आले. आता मेव्हणा म्हणतोय किटो कर, बायको म्हणते दर दोन तासांनी थोडं थोडं खा, जिमवाला पावडर घे म्हणतोय आणि ऑफिसातला एकजण इंजेक्शन घेऊन बारीक झालाय. शेवटची ओळ अशी, "डॉक्टर, माझ्यातच जिद्द कमी आहे काय?"

त्या शेवटच्या ओळीपासनंच सुरू करतो, कारण बाकीच्या प्रश्नांपेक्षा ती जास्त त्रास देणारी आहे. कोल्हापुरात फिजिशियन म्हणून मला आता २६ वर्षं झाली आणि वजनाच्या काट्यावर उभं राहताना मान खाली घालणारी माणसं मी रोज बघतो. चार महिने दोन वेळच्या जेवणावर राहून ११ किलो उतरवणाऱ्या माणसात जिद्द कमी असते हे मला पटतच नाही. तुम्ही जेवढं ठरवलं तेवढं केलं. पुढं जे झालं ते शरीरानं केलं, आणि ते शरीर असं का वागतं हे तुम्हाला त्या चार महिन्यात कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन तयार करतात, १९९४ साली ते सापडलं. चरबी कमी झाली की लेप्टिन उतरतं आणि मेंदूला निरोप जातो की घरातलं धान्य संपत आलंय, आता हात राखून खर्च कर आणि जास्त आण. मग भूक वाढते, जेवण झालं तरी समाधान होत नाही, आणि शरीर बसल्या जागी जी ऊर्जा जाळतं तीही कमी होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांची भुकेची हार्मोन्स तपासली, तर वर्षानंतरही ती पहिल्यासारखी झालेली नव्हती. आणि अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची जी स्पर्धा झाली त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं, बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं होतं. म्हणजे तुमच्याबरोबर जे झालं ते नेहमी होतं, आणि त्याची तयारी डाएट सुरू करतानाच करायला लागते.

आता कारणं. माझ्याकडे वजनासाठी कोण आलं की मी "काय खाता" हे आधी विचारत नाही. मी विचारतो, वजन वाढायला लागलं कधी? त्या वर्षी घरात, कामात, तब्येतीत काय बदललं? या एका प्रश्नात निम्मं निदान होतं.

तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय. तालीम सुटली बाविसाव्या वर्षी, वजन वाढायला लागलं तेविसाव्या. कोल्हापुरात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की माणूस दारातनं आत येताना लढतीत मोडलेले कान बघूनच मला कळतं की हा कुस्तीच्या मातीतला आहे. पहाटे चारला उठून जोर, बैठका, मग हौद्यात तास दीड तास लढत, संध्याकाळी परत मेहनत, असल्या पोराचं शरीर दिवसाला चार हजार कॅलरीच्या पुढं जाळतं आणि त्याला दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हे सगळं लागतंच. मग नोकरी लागते, लग्न होतं, मेहनत एका दिवसात बंद होते. खुराक मात्र बंद होत नाही, कारण खुराक नुसता पोटाचा नसतो, त्यात वडिलांचा अभिमान असतो, वस्तादांचा शब्द असतो, आईचा हात असतो. तुम्ही लिहिलंय की अजून सकाळ संध्याकाळ एकेक तांब्या म्हशीचं दूध घेता. ते दोन्ही मिळून अर्धा लिटर धरलं तरी ५०० कॅलरी झाल्या, वर साखर वेगळी. दूध वाईट नाही, गंगावेशीत धार काढून दिलेलं दूध मीही आवडीनं प्यायलोय, पण ते बैठका मारणाऱ्याचं दूध आहे आणि तुम्ही आता आठ तास खुर्चीत बसता.

दुसऱ्या कुणाचं कारण दुसरंच असतं. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टवर असलेला एकजण होता, त्याचं वजन वाढायला लागलं ते रात्रपाळी सुरू झाल्यापासनं. खाणं फार बदललं नव्हतं, झोप साडेचार तासांवर आली होती आणि रात्री दोनला जागं राहायला चहा, बिस्किटं, वडा चालायचा. झोप कमी झाली की भूक वाढते आणि तीही गोड तेलकटाची, हे आता पक्कं माहीत आहे. त्याला मी डाएटचा कागद दिलाच नाही, आधी दिवसाची झोप कशी नीट होईल ते बघितलं, खिडकीला जाड पडदा, मोबाईल बाहेरच्या खोलीत, घरच्यांना सांगून ठेवलं की दुपारी उठवायचं नाही.

एक काकी होत्या, साठीच्या, सहा महिन्यात १२ किलो वाढलं होतं, तोंड गोल, हातपाय मात्र बारीक, कातडीवर जरा लागलं की काळंनिळं. गुडघ्यासाठी कुणाकडनं तरी पुड्या आणायच्या, "आयुर्वेदिक आहेत, लय गुण आला" म्हणायच्या. पुडीवर नाव नाही, गाव नाही. त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तेव्हा कळलं की बाहेरनं स्टेरॉइड जात होतं. हे मुद्दाम सांगतोय कारण असली पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड झोपलेलं असतं, डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायला लागतं. बाकीच्याही काही औषधांनी वजन वाढतं, इन्सुलिन, डायबेटिसच्या काही जुन्या गोळ्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, फिटच्या काही. ती मनानं सोडायची नाहीत, पण डॉक्टरांना विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

थायरॉइडबद्दल सगळेच विचारतात. थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं हे खरं, पण त्यातनं साधारण दोन ते पाच किलोच, तेही बरंचसं पाणी आणि मीठ साठून. तीस किलो जास्तीचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. बायकांमध्ये पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड), बाळंतपण आणि पाळी जायचा काळ हे मोठे टप्पे. बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळीव, तूप हे वर्षभर चालू राहतं, नंतर पोराच्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आईच खाते, आणि स्वतःसाठी फिरायला तिला घरातनं अर्धा तास सोडत कोण नाही. असल्या बाईला कमी खा म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं, तिच्याबरोबर नवऱ्याला बोलावून घेतो.

आणि वंश तर आहेच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातनं दिसतं की माणसामाणसातला वजनाचा फरक निम्मा किंवा त्याहून जास्त जनुकांमुळं पडतो. त्यात आपल्या लोकांची अजून एक अडचण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, सारखाच, २२ च्या आसपास, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटात, म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर जादा आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. तुमचा ३३ आहे. पण बीएमआयपेक्षा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही रेषा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीत, २०२३ साली आली ती, जवळजवळ ४० टक्के लोक कमरेच्या या मापात जादा निघाले.

आता डाएटचं. आपल्या महाराष्ट्रात गेली काही वर्षं दोन पंथ पडलेत आणि लग्नाच्या पंगतीत सुद्धा त्यावरनं वाद होतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा, ५५ मिनिटात संपवा, मधे काय खाऊ नका आणि ४५ मिनिटात साडेचार किलोमीटर चाला, याची मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर सांगतात की उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळानं खा, आपल्या मातीतलं खा, तूप भाताला घाबरू नका. वरवर बघता एकदम उलट. पण माझ्याकडे दोन्ही करून बारीक झालेले पेशंट आहेत आणि दोन्ही करून जाड झालेलेही आहेत. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होते, बेकरी, फरसाण, कोल्ड्रिंक आणि चहाबरोबर सहज तोंडात जाणारं बंद होतं. तुमच्या बायकोचं आणि तुमचं भांडण या बाबतीत मिटवून टाका, दोघंही अर्धे बरोबर आहात.

चीनमध्ये २०२२ साली १३९ जणांवर अभ्यास झाला, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला आठ तासातच खायचं बंधन, दुसऱ्याला नाही. वर्षानंतर एकाचे ८ किलो उतरले, दुसऱ्याचे सव्वासहा, आणि हा फरक मोजण्यात धरावा एवढा नव्हता. स्टॅनफर्डला ६०९ जणांवर २०१८ साली कमी फॅट विरुद्ध कमी कार्ब (भात, भाकरी, साखर कमी) असं वर्षभर केलं, उतरले ५.३ किलो आणि ६ किलो. सगळ्यात मोठा फरक पद्धतीत नव्हता, माणसामाणसात होता, एकाच गटात कुणाचे २५ किलोच्या वर उतरले तर कुणाचं वाढलं सुद्धा.

म्हणून मी विचारतो, तुम्हाला भूक कशी लागते? काही माणसं अशी असतात की एकदा खायला सुरुवात केली की थांबत नाहीत, त्यांना दोनदाच जेवण सोपं जातं, कारण दिवसात दोनदाच स्वतःला आवरायला लागतं. काहींना दुपारी चारला डोकं दुखतं, हात थरथरतात आणि मग रात्री ताटावर तुटून पडतात, त्यांना मधे मूठभर फुटाणे किंवा ताक दिलेलं बरं. मात्र डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यानं विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, असे पेशंट मी रात्री ॲडमिट केलेत.

किटोबद्दल मेव्हण्याला एवढंच सांगा की पहिल्या आठवड्यात जे तीन चार किलो उतरतात ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) तीनेक ग्रॅम पाणी असतं, कार्ब बंद केले की ते जातं आणि पहिल्या भाकरीला परत येतं. घरात चौघं भाकरी खात असताना एकट्यानं पनीर आणि अंडी वर्षभर खाणं मी तरी फार थोड्यांना जमलेलं बघितलंय. पावडर म्हणाल तर ती प्रोटीन आहे, जादू नाही, आणि जेवणाऐवजी शेक घेऊन उतरलेलं वजन शेक बंद केल्यावर थांबत नाही, कारण घरातलं ताट तसंच राहिलेलं असतं.

घरातलं ताट म्हणजे आपल्याकडे पहिल्यांदा तेल. कॅलरी मोजत बसू नका, डबा मोजा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे रोज ३८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३४० कॅलरी, शेंगदाण्याचा कूट, खोबरं, बाहेरचं खाणं सोडून. मी माणशी अर्धा ते पाऊण लिटर सांगतो. आमच्या घरात हे करताना बायकोनं पळीच्या जागी चहाचा चमचा ठेवला डब्यात, बाकी काय केलं नाही, फोडणी तीच, मसाला तोच, महिन्यात डबा निम्म्यावर आला. मटण सोडू नका. रविवारी तांबडा-पांढरा झाल्याशिवाय कोल्हापूरच्या माणसाचा आठवडा संपत नाही हे मला माहीत आहे आणि मटणात प्रोटीन आहे, ते तुम्हाला पाहिजेच. वरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, काढून टाका, भाकरी दोनवर थांबवा, नंतर भाताचा डोंगर करून त्यावर परत रस्सा ओतायचा तो भाग सोडा. गुळाबद्दलही मनातनं काढून टाका, आपल्याकडचा गूळ चांगलाच आहे पण वजनाच्या बाबतीत साखर आणि गूळ यात जवळजवळ फरक नाही, दोन्ही ग्रॅमला चार कॅलरीच्या आसपास.

आणि चालणं. रंकाळ्यावर सकाळी जी मंडळी दिसतात त्यातली बरीच दहा वर्षं चालतायत आणि पोट तेवढंच आहे. पाच किलोमीटर चालून तुमच्या वजनाच्या माणसाच्या जादा अशा ३०० कॅलरी जातात आणि नंतरच्या मिसळ ब्रेडमध्ये त्या सगळ्या, वर अजून, परत येतात. तरी चालायचंच, कारण व्यायामानं वजन उतरायला मदत थोडी होते पण उतरलेलं टिकवायला फार मोठी होते. आणि तुमच्यासाठी एक खास. गेल्या वेळी ११ किलो उतरले त्यात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा गेला असणार, परत आलेल्या १३ मध्ये मात्र चरबीच जास्त असते. म्हणून यावेळी जोर मारा. पहिले दोन आठवडे भिंतीला हात टेकवून, मग टेबलाला, मग जमिनीवर. बैठका गुडघे बघून, आधी खुर्चीवरनं उठबस. तुमच्या अंगाला हे येतं, २० वर्षांनी सुद्धा ते विसरत नाही, असल्या माणसांच्या डोळ्यात त्या पहिल्या जोरानंतर जे दिसतं ते मला फार आवडतं.

इंजेक्शनबद्दल लोक एकतर देव मानतात नाहीतर विष, दोन्ही बरोबर नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही औषधं पोट भरल्याचा निरोप मेंदूला जोरात देतात, म्हणजे मी वर जो लेप्टिनचा आणि भुकेचा खेळ सांगितला त्यालाच हात घालतात. सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यात सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या डोसनं ७२ आठवड्यात २० टक्क्यांच्या पुढं. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड मौंजारो नावानं आणि सेमाग्लुटाइड वेगोवी नावानं आपल्याकडे आलं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचं, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांना, घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असणाऱ्यांना आणि गरोदरपणाचा विचार असणाऱ्यांना नको. आणि बंद केलं की वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत येतं, म्हणजे बीपीच्या गोळीसारखं ते लांब चालवायचं औषध आहे, लग्नाच्या आधी तीन महिने घ्यायचं नाही. तुमच्या बीएमआयला ते देता येतं. घेतलं म्हणून तुम्ही कमी पडलात असं होत नाही. पण मी ते पहिल्या दिवशी लिहिणार नाही, आधी चार तपासण्या, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), लिपिड (कोलेस्टेरॉल), लिव्हर, आणि बीपी. रात्री घोरता का, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते का हे बायकोला विचारा, तसं असेल तर झोपेची तपासणीही लागेल. ऑपरेशनचा विषय सध्या तुमच्यासाठी काढत नाही, बीएमआय ३५ च्या पुढं किंवा डायबेटिस आवरत नसेल तर बोलू.

किती उतरवायचं? ७० किलो व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय, तालमीतलं वजन म्हणून. तो आकडा बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या अभ्यासात, २००२ सालचा तो, ७ टक्के वजनाचं लक्ष्य आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे ७ टक्के म्हणजे साडेसहा सात किलो. सहा महिन्यात तेवढं उतरवू आणि मग पुढचे सहा महिने काहीच उतरवायचं नाही, फक्त तिथं उभं राहायचं. गेल्या वेळी हाच भाग राहिला होता. त्या सहा महिन्यात भूक जास्त लागेल, काटा अर्धा किलो वर खाली होईल, दिवाळी येईल, कुणाचं तरी लग्न येईल. दोन किलो वाढले की लगेच भेटायचं, दहा वाढल्यावर लाजून घरात बसायचं नाही.

सकाळचा तांब्या अर्धा करा, संध्याकाळचा बंद करून त्या जागी ताक, एवढं या आठवड्यापासनं सुरू करा. आणि तपासण्या घेऊन याल तेव्हा बायकोला बरोबर आणा, तेलाचा डबा किती दिवसात संपतो ते घरात विचारून या.